ओल झाकू नका, आधी तिचा माग काढा

प्रश्न : आई-वडिलांचं जुनं घर विकायला काढलंय. भिंती जाड विटांच्या, मूळ गिलावा चुन्याचा. पुढे कधीतरी खालच्या भागावर सिमेंटचा थर दिलेला. बाहेरच्या खोलीत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेत, पांढरी भुकटी पडते. आतल्या खोलीत कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. एजंट म्हणतो, पुट्टी मारून रंग द्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. भाऊ म्हणतो, आतून वॉटरप्रूफिंग करूनच विकू. कोणाचं ऐकावं?

उत्तर : तूर्त कोणाचंच नको, आणि एजंटचं तर मुळीच नको. जुनं घर बघायला येणारा माणूस आधी नाकाने घर बघतो. त्यात सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच भिंतीचा खालचा पट्टा कोरा करकरीत, म्हणजे आपणच बोट दाखवल्यासारखं. ओल्या भिंतीवरची पुट्टी व्यवहार पुरा होण्याआधीच फुगू शकते. मग गिऱ्हाईक छपरापासून वायरिंगपर्यंत सगळ्यावर शंका घेतं आणि भाव पाडतं.

तुमच्या वर्णनावरून ही दोन वेगळी दुखणी दिसतात. पोपडे आणि भुकटी हे जमिनीतून चढणाऱ्या ओलीचं लक्षण. विटांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, बहुतेक वेळा मीटरभराच्या आतच थांबतं. ते उडून जातं, पण सोबत आणलेले क्षार गिलाव्यातच राहतात. त्यांचे स्फटिक होतात आणि तेच पोपडा बाहेर ढकलतात.

पण आतल्या बाजूला हात लावण्याआधी बाहेर जाऊन त्याच भिंतीची पाठ बघा. वर्षानुवर्षं भर पडून, फरशीवर फरशी बसून बाहेरची जमीन वर आलेली असते. भिंतीला खेटून फुलझाडांचा वाफा असतो, नाहीतर पन्हळीचा नळ तुटून पाणी थेट पायात मुरत असतं. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीत तळाशी ओलरोधक थर घालतात, बाहेरची जमीन त्याच्या निदान 15 सेंटीमीटर खाली हवी. फार जुन्या घरांत असा थरच नसतो. तिथे आतल्या फरशीच्या पातळीवरून अंदाज घ्या. माती उकरणं, उतार भिंतीपासून दूर काढणं आणि पन्हळ नीट करणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि नेमकं तेच कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

मग सिमेंटच्या थरावर बोटाच्या पेराने टकटक करत जा. जिथे भदभद पोकळ आवाज येईल, तिथे तो भिंतीपासून सुटलाय. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते, सिमेंट तिला आत कोंडतं. म्हणून भावाचा बेतही मला पटत नाही. आतून रसायनाचा थर दिला की कोंडलेलं पाणी आणखी वर सरकतं. सिमेंट ओलीच्या रेषेच्या वर हातभर खरवडून काढा आणि वीट उघडी ठेवा. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. धुतली की क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. सुकायला मात्र वेळ लागतो. ढोबळ हिशेब महिन्याला अडीच सेंटीमीटर जाडीचा, म्हणजे तुमच्या भिंतीला कितीतरी महिने. तेवढं थांबायची गरज नाही.

काळे ठिपके ही बुरशी. कपाट भिंतीला चिकटून, हवा खेळत नाही, गार भिंतीवर खोलीतल्या हवेतलं बाष्प साचतं. खात्री करायची तर डाग पुसून, पृष्ठभाग कोरडा करून तिथे अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला ओलसर असेल तर दोष हवेचा. कपाट सरकवा, खिडकी उघडी ठेवा. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर आत पाणी येतंय. तसं असेल तर सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतो का तेही बघा, फिरला तर पाइप गळतोय.

आता विक्रीचं. उकरलेली माती, दुरुस्त केलेली पन्हळ, उघडी भिंत, सगळ्याचे तारखेसह फोटो आणि बिलं ठेवा आणि गिऱ्हाईकाने विचारायच्या आत दाखवा. त्याने आणलेला तपासनीस दोन पिनांचा मीटर टोचून ‘ओल जास्त’ म्हणेल, तर गडबडू नका. तो मीटर विजेचं वहन मोजतो आणि क्षारांमुळे सुकत आलेली भिंतही ओली दाखवतो. भिंत सुकल्यावर करायच्या चुन्याच्या गिलाव्याच्या खर्चाचा लेखी अंदाज गवंड्याकडून आधीच घ्या आणि तेवढीच रक्कम सोडायची तयारी ठेवा. अंदाज नसेल तर गिऱ्हाईक मनातला आकडा सांगतं, आणि तो कायम मोठाच असतो. ओलीबद्दल सांगितल्याचं करारातही लिहून घ्या.

एक तपासणी मात्र आजच करा. त्या भिंतीतल्या दाराच्या चौकटीचा खालचा भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय, आणि ते काम घर दाखवायला सुरुवात करण्याआधी उरकायला हवं.