जंतू मेल्यावर त्यांचं विष बाहेर सांडतं, की जिवंतपणीच ते बाहेर टाकतात?

दोन्ही घडतं. पण कॉलऱ्याचा जंतू मात्र धडधाकट असतानाच विष बाहेर सोडतो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि तुमच्या या प्रश्नापाशी मोठमोठे शास्त्रज्ञही अडखळलेत. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांनी १८९० च्या दशकात सांगितलं, की कॉलऱ्याचं विष जंतूच्या अंगातच असतं आणि तो फुटला की मोकळं होतं. पुढे कितीतरी वर्षं लोक मेलेल्या जंतूंतच ते शोधत राहिले.

१९५९ साली कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी वेगळं करून पाहिलं. जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू उरला नाही. तो नितळ द्रव सशाच्या लहान आतड्याच्या दोन्हीकडून बांधलेल्या तुकड्यात सोडला, तर तुकडा पाण्याने टम्म फुगला! म्हणजे विष आधीच बाहेर आलं होतं. या कामाला नोबेल मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता ते बाहेर येतं कसं? या जंतूला दोन पटलं, म्हणजे पातळ आवरणं, असतात. विषाचे सुटे भाग, प्रथिनांच्या न घडी पडलेल्या साखळ्यांच्या रूपात, आतलं पटल ओलांडतात. दोन पटलांमधल्या जागेत त्यांच्या घड्या पडतात आणि एक ‘ए’ व पाच ‘बी’ भाग एकत्र जुळतात. हे तयार विष बाहेरच्या पटलातल्या एका खास दारातून जातं. या यंत्रणेला टाइप टू स्राव यंत्रणा म्हणतात. दाराखालचा प्रथिनांचा दांडा पंपातल्या दट्ट्यासारखा विष वर ढकलतो, असं मानतात. ही यंत्रणा बिघडवलेल्या जंतूंत विष तयार होतं, पण दोन पटलांमध्येच तुंबून राहतं.

साल्मोनेला आणि प्लेगचा जंतू तर सुईसारख्या नळीतून स्वतःची प्रथिनं थेट माणसाच्या पेशीत टोचतात.

कॉलऱ्याचं विष ‘बी’ भागांनी आतड्याच्या पेशीला चिकटतं, ‘ए’चा तुकडा आत शिरतो आणि पेशी क्षार व पाणी बाहेर ओतू लागते. गंभीर रुग्णाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पण पेशीत शिरलेलं विष परत येत नाही. म्हणून आधी मीठ-साखरेचं पाणी, आणि रुग्ण फारच गळला असेल तर लगेच सलाईन.