फोर-हायमध्ये वळताना पिकअप अडखळते, हा बिघाड आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हिवाळ्याच्या तोंडावर तुम्ही कॅनडात येताय, काम शहराबाहेरच्या साइटवर आहे आणि तिथून निघणारा एक सहकारी त्याची जुनी पिकअप तुम्हाला विकतोय. व्हिडिओ कॉलवर त्याने पार्किंगमध्ये फोर-हाय (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना, नेहमीच्या वेगाला) लावून गाडी वळवून दाखवली, तर ती धक्के खात, अडत अडत वळली. तो म्हणाला, "या गाड्या अशाच असतात." तुम्हाला वाटलं, गडी काहीतरी लपवतोय.

नाही लपवत. पार्किंग कोरडं असेल तर त्या गाडीने अगदी तेच करायला हवं होतं. कोरड्या जागेत फोर-हाय लावून ती अलगद वळली असती, तर मी तुम्हाला पैसे देण्याआधी थांबायला सांगितलं असतं.

वळताना चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं बाहेरच्या, मोठ्या वर्तुळावरून जातात आणि मागची आतून. म्हणजे तेवढ्याच वेळात पुढच्यांना जास्त फिरावं लागतं. एकाच एक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांतला फरक डिफरन्शियल सांभाळून घेतो. पण पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल यांच्यातला फरक सांभाळायला साध्या, म्हणजे पार्ट-टाइम, फोर-व्हील ड्राइव्हमध्ये काहीच नसतं. गिअरबॉक्सच्या मागचा ट्रान्सफर केस फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. दोघांनी एकाच वेगाने फिरायचं. पुढच्याला पुढे पळायचंय, मागचा सोडत नाही, आणि सगळ्या शाफ्ट-गिअरांत पीळ भरत जातो.

बर्फावर, चिखलात, खडीवर एखादा टायर किंचित घसरतो आणि तो पीळ निघून जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. कोरडं डांबर टायरला सोडत नाही. मग स्टिअरिंग जड होतं, हँडब्रेक अर्धा ओढून ठेवल्यासारखी गाडी अडते, आणि शेवटी टायर कचकन सुटतो. तोच तो धक्का. पुन्हा पीळ, पुन्हा धक्का. मेकॅनिक लोक याला क्रो-हॉप म्हणतात. दाखवण्यापुरतं एकदा केलं तर काही बिघडत नाही. रोज कोरड्या रस्त्यावर फोर-हायमध्ये फिरवाल तर टायर, जॉइंट आणि ट्रान्सफर केस, सगळ्यांची वाट लागेल.

याच पिळामुळे आणखी एक गोष्ट होते आणि नवीन माणूस तिला हमखास घाबरतो. टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ताकद) बटण फिरवलं तरी डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतच राहतो, विझत नाही. आतले दाते पिळामुळे एकमेकांत चिमटलेले असतात, सुटत नाहीत. गाडी सरळ ठेवून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. बहुतेक वेळा खालून 'टक' असा आवाज येतो आणि दिवा जातो. फोर-हाय लावतानाही दिवा थोडा वेळ लुकलुकतो, कडाक्याच्या थंडीत जरा जास्तच. लुकलुकणं म्हणजे 'काम चालू आहे'. किलोमीटरभर गेल्यावरही थांबला नाही, तर मात्र ॲक्च्युएटर (दाते सरकवणारा भाग) किंवा वायरिंग बघायला लागेल.

टू-हाय ते फोर-हाय हा बदल बहुतेक पिकअपमध्ये चालत्या गाडीत करता येतो. वेगाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. रस्ता सरळ हवा आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरत नसताना बटण फिरवायचं, एवढं पाळा. फोर-लोचं, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू आणि जास्त ताकदीच्या गिअरचं, तसं नाही. गाडी उभी किंवा जेमतेम सरकती, गिअर न्यूट्रलला, मगच. फोर-लोमध्ये ट्रान्सफर केस वेग साधारण २.५ ते २.७ पट कमी करतो आणि ओढण्याची ताकद तेवढ्याच पटीने वाढवतो. इंजिन ओरडतंय आणि गाडी मुंगीच्या पावलाने चाललीय, हे तिथलं नॉर्मल. खोल बर्फातून गाडी काढायला, तीव्र उतारावरून इंजिनाच्या जोरावर हळूहळू उतरायला ते आहे. रस्त्यावर चालवायला नाही. बऱ्याच गाड्यांत फोर-लो लावलं की स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) आपोआप बंद होतं, तो दिवा दिसला तर घाबरू नका.

आता सहकाऱ्याला एक विचारा: नॉबवर 'ऑटो' किंवा '४ए' आहे का? शेवरलेची सिल्व्हेराडो, फोर्डची एफ-१५० या पिकअपच्या काही मॉडेलांत ते असतं. त्यात पुढचा शाफ्ट घट्ट बांधलेला नसतो, मध्ये क्लच असतो आणि मागची चाकं घसरायला लागली की तो पुढे ताकद पाठवतो. म्हणून ऑटो कोरड्या रस्त्यावरही चालतं. इथल्या हिवाळ्यात हे फार सोयीचं, कारण हायवे साफ, गल्ली बर्फाने घट्ट, पुलावर काळा बर्फ (डांबरावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर), पुढे परत कोरडं डांबर, असं एकाच फेरीत सगळं भेटतं. साध्या पार्ट-टाइममध्ये तुम्हाला दर वेळी स्वतः ठरवावं लागतं. सरळ रस्त्यावर मधेच कोरडा पट्टा आला म्हणून लगेच काही मोडत नाही. पण रस्ता बहुतांशी कोरडा झाला की टू-हायला या, आणि पार्किंगमध्ये शिरण्याआधी तर नक्कीच.

फोर-व्हील लावलं म्हणजे चारही चाकं ओढतात, असं बरेच जण धरून चालतात. दोन्ही डिफरन्शियल साधे असतील आणि गाडी अडकली, तर पुढचं एक आणि मागचं एक चाक जागेवर गरगरताना दिसेल आणि बाकीची दोन ढिम्म. हाही बिघाड नाही. डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेने, म्हणजे घसरणाऱ्या चाकाकडे, जाऊ देतो. नवीन गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे वळवतं. मागे लॉकर असेल तर मागची दोन्ही चाकं एकत्र फिरतात. लॉकर आहे का, हेही विचारून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पुढे ढकलतो, थांबवत नाही. ब्रेक चारही चाकांना एरवीही लागतातच. बर्फावर फोर-हायमध्ये गाडी इतकी झकास उचलते की रस्ता निसरडा आहे हे विसरायला होतं, आणि सिग्नल लाल झाल्यावर ते आठवतं. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरलेल्या गाड्यांत पिकअप काही कमी दिसत नाहीत. थांबायचं काम टायरचं. माझं स्पष्ट मत आहे की ऑल-सीझन टायरवरच्या फोर-बाय-फोरपेक्षा चांगल्या हिवाळी टायरवरची साधी गाडी बरी. क्वेबेकमध्ये तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. तुम्ही कुठेही असा, घ्याच. पिकअपचा मागचा हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका असतो, टू-हायमध्ये शेपूट पटकन घसरतं. मागच्या एक्सलच्या वर वाळूच्या पिशव्या टाकून नीट बांधतात ते त्यासाठीच. सुट्या ठेवू नका, ब्रेक मारल्यावर त्या पुढे येतात.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. मागे नवे, पुढे गोटा झालेले असं असेल तर त्यांचा घेर वेगळा पडतो आणि सरळ रस्त्यावरसुद्धा फोर-हायमध्ये पीळ भरत राहतो. विकताना लोक दोनच टायर बदलतात, म्हणून हे मुद्दाम बघा.

खरी तपासणी खडीवर किंवा बर्फावर करायला सांगा. फोर-हाय लावून जागेवरून जरा जोरात उचलायची आणि बाजूला उभ्या माणसाने बघायचं: पुढचं चाकही खडी उडवतंय की फक्त मागचं? दिवा पेटलाय पण पुढचं नुसतं ढकललं जातंय, तर पुढचा एक्सल जोडला जात नाहीये. याच्या उलट, टू-हायमध्येही वळताना अडत असेल तर तो सुटत नाहीये. टू-हायमध्ये चालताना पुढून खरखर येत असेल तरी सोडू नका. एफ-१५०च्या बऱ्याच मॉडेलांत पुढची चाकं सुटी ठेवायला इंजिनाचा व्हॅक्यूम वापरतात, नळी गळकी झाली की दाते अर्धवट घासतात. दुरुस्ती वेळेत केली तर किरकोळ, नाहीतर हबपर्यंत जाते. सरळ जाताना फोर-हायमध्ये हलकी घुमघुम, किंचित जड स्टिअरिंग, एवढं चालतं. ठोकल्यासारखा आवाज, दाते उडाल्यासारखी कडकड हे चालत नाही.

ट्रान्सफर केसचं आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल कधी बदललं, तेही विचारा. आठवत नसेल तर बदललेलं नाही असं समजा आणि आल्यावर पहिलं तेच काम करा. पुढे उन्हाळ्यातही यंत्रणा पडून राहू देऊ नका. टोयोटा आपल्या पिकअपच्या मॅन्युअलमध्ये महिन्याला निदान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगते, पुढच्या भागांना तेल मिळावं म्हणून. पार्ट-टाइम असेल तर त्यासाठी कच्चा रस्ता शोधा.

सहकाऱ्याकडून नॉबचा फोटो, चारही टायरच्या बाजूवरचे आकडे आणि खडीवरचा एक छोटा व्हिडिओ मागवा. शक्यतो आवाजासकट, गाणी बंद करून.