रणगाडा, चिलखती गाडी आणि 'जीर्णोद्धार'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयावरचा लेख तुम्ही मराठीत आणताय. महायुद्धातल्या लढाऊ गाड्या पदरमोड करून पुन्हा उभ्या करणारी मंडळी आणि त्यांचे आपापसातले वाद हा त्याचा विषय. यंत्राने 'उत्साहींनी पुनर्संचयित केलेली अभिजात चिलखती वाहने' असं काढून दिलं आणि ते तुमच्या घशाखाली उतरेना. म्हणून दोन गोष्टी विचारल्यात. या सगळ्या गाड्यांना सरसकट 'रणगाडे' म्हणावं का? आणि 'रिस्टोअर'साठी 'जीर्णोद्धार' चालेल का?

सोपं आधी उरकतो. 'अभिजात' काढून टाका. हा शब्द ऑक्टोबर 2024पासून मराठीच्या नावामागे लागल्यामुळे आधीच दमला आहे. त्यातून 'अभिजात रणगाडा' म्हटलं की तोफेतून गोळ्याऐवजी ओवी बाहेर पडेल असं वाटतं. 'महायुद्धातल्या' किंवा नुसतं 'जुन्या' पुरे. 'उत्साही' लग्नाच्या वरातीत असतात. इथे 'हौशी' हवं. हौशी नटासारखाच इथेही त्या शब्दाला बिनपगारी, स्वखुशीने केलेल्या कामाचा वास आहे आणि तो इथे शोभतो. यातले कित्येक जण कसबात पगारी मेकॅनिकला पाणी पाजतील, पण हौशी या शब्दाने कसब नाकारलं जात नाही.

आता रणगाडा. शब्द झकास बनला आहे. मराठीत वस्तू मोठी आणि दणकट झाली की ती पुल्लिंगी होते: सुरीचा सुरा, पळीचा पळा, गाडीचा गाडा. तोफेचा गाडा तर आपल्याकडे रणगाड्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याला 'रण' जोडलं की काम झालं. जपानी 'सेन्शा'ची फोड नेमकी हीच आहे, लढाई अधिक गाडी. फ्रेंच 'शार' म्हणजे मुळात रथ, छकडा. इटालियन लोक 'शस्त्रसज्ज गाडी' म्हणतात. जर्मन 'पांझर' म्हणजे नुसतं चिलखत. पूर्ण शब्द 'पांझरकांफव्हागेन', चिलखती लढाऊ गाडी. पोलिश लोकांनी तर रांगण्यावरून 'चोऊग' असा शब्द घेतला, तो मला सगळ्यांत गोड वाटतो. एवढ्या भाषांनी ही वस्तू काय करते किंवा कशी दिसते ते पाहून नाव ठेवलं. इंग्रजीने मात्र ठरवून थाप मारली.

ती थाप सांगितलीच पाहिजे, कारण तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. 1915मध्ये ब्रिटिशांनी खंदक ओलांडणारी चिलखती गाडी बनवायला घेतली. कामाला नाव होतं 'लँडशिप', जमिनीवरचं जहाज. पण ते नाव बाहेर फुटलं तर गुपितच फुटणार. तेव्हा इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात तयार होणारे हे लोखंडी डबे म्हणजे पाणी वाहून न्यायच्या टाक्या आहेत अशी हूल उठवली गेली आणि 'टँक' हे नाव चिकटलं ते कायमचं. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, फ्लेर आणि कूर्सलेत या गावांच्या मधे, ते पहिल्यांदा मैदानात उतरले. वजन सुमारे 28 टन, आत 8 माणसं, वेग माणसाच्या चालीइतका.

इंग्रजी 'टँक' मुळात आला कुठून याचे दोन रस्ते कोशकार दाखवतात. एक पोर्तुगीज 'टांक'कडून. दुसरा सतराव्या शतकात हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांनी उचललेल्या गुजराती-मराठी शब्दाकडून, म्हणजे आपलं 'टाकं'. किल्ल्यावर कातळात खोदलेलं असतं ते. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. संस्कृत 'टङ्क' म्हणजे छिन्नी, देवपण येण्याआधी जिचे घाव सोसावे लागतात ती टाकी. टाक्याचा संबंध तिच्याशी लावला जातो. दोन्ही रस्ते पुढे एकमेकांत मिसळलेही असतील. 'रणगाडा हा मूळ मराठी शब्द इंग्रजांनी चोरला' असा निरोप मात्र कृपया फिरवू नका. वाद पाण्याच्या टाकीच्या नावाचा आहे.

यातूनच तुमच्या लेखातला एक सापळा निघतो. रणगाड्यावरच्या सैनिकाला अमेरिकन इंग्रजीत 'टँकर' म्हणतात. मराठीत टँकर म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गावाच्या वेशीवर येतो तो. 'टँकरने उडी मारली' असं छापून आलं तर वाचक विहिरीत डोकावेल. गंमत म्हणजे 1916ची थापही पाणी वाहण्याचीच होती. 'रणगाड्यावरचे जवान' लिहा. 'चालक' नको, कारण चालक त्यातला एकच. तोफ लावणारा, गोळा भरणारा आणि हुकूम देणारा वेगळे असतात.

मूळ मुद्द्यावर येतो: सरसकट रणगाडे म्हणू नका. हौशी मंडळींचे निम्मे वाद या सीमारेषेवरच पेटतात आणि भाषांतराने ती रेषा पुसली तर लेख वाचण्यात मजाच राहणार नाही. बोलीत 'पट्टे (म्हणजे चाकांभोवती फिरणारे लोखंडी ट्रॅक) आणि तोफ असेल तो रणगाडा' हे चालून जातं. फिरतं टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा बुरूज, हवंच असा नियम केलात तर 1916चा पहिला रणगाडाच बाद होईल, कारण त्याच्या तोफा दोन्ही कुशींतून बाहेर आल्या होत्या. जर्मनांचा 'स्टुग' घ्या. पट्टे आहेत, चिलखत आहे, तोफ आहे, पण ती पुढच्या पत्र्यातून निघते आणि डावी-उजवीकडे थोडीच वळते. नवखा त्याला रणगाडा म्हणाला की कोणीतरी जाणकार घसा खाकरतोच. जर्मन सैन्यातही तो मुळात तोफखान्याचा होता. त्याला मी 'चिलखती तोफगाडा' म्हणेन. तोफगाडा हा आपला जुना शब्द असा नव्याने कामाला लागला तर कोणाचं काही बिघडत नाही.

ज्यांना पट्ट्यांऐवजी चाकं आहेत त्या 'चिलखती गाड्या'. याचं घरचं उदाहरण द्यायचं तर दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात बनलेली चिलखती गाडी. साटा (चॅसी) कॅनडातून आलेला, चिलखती पत्रा टाटांचा, जोडणी रेल्वेच्या कारखान्यांत. साडेचार हजारांहून जास्त गाड्या बनल्या आणि सैन्यात तिचं नाव पडलं 'टाटानगर'. जुन्या गाड्यांच्या जगात आजही ती याच नावाने ओळखली जाते. तिला रणगाडा म्हणणं म्हणजे टेम्पोला ट्रेलर म्हणणं. पुढे चाकं आणि मागे पट्टे असतील तर 'हाफट्रॅक' तसाच ठेवा. 'अर्धपट्टी' म्हटलं की दर्जीच आठवतो. ट्रॅकला 'पट्टा' म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे पट्ट्यांवर चालणाऱ्या प्रत्येक खोदयंत्राला एका फ्रेंच कंपनीच्या नावावरून 'पोकलेन' म्हणतात आणि ते 'चेनवर' चालतं. म्हणजे बोलीने 'चेन'सुद्धा पसंत केली आहे. टरेटला 'फिरता बुरूज' एकदा म्हणून ओळख करून द्या, पुढे टरेटच चालू द्या.

जाता जाता लिंगाचं सांगतो, कारण अनुवादात तिथे हमखास अडखळायला होतं. रणगाड्याचं विशेषनाम रणगाड्याचंच लिंग घेतं. म्हणून 'मटिल्डा आला', 'व्हॅलेंटाइन बंद पडला'. नाव बाईचं असलं तरी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी रणगाड्यांत खरोखरच नर आणि मादी असे प्रकार केले होते: तोफा असलेला नर, नुसत्या मशीनगन असलेली मादी. मादीला 'रणगाडी' म्हणायचा मोह मला फार होतो. तुम्ही टाळा.

आता 'रिस्टोअर'. इथे एक शब्द शोधत बसलात तर फसाल. या मंडळींचं भांडणच मुळी यावर असतं की समोरच्या गाडीचं नेमकं काय केलं आहे.

फ्रान्समध्ये कांब्रेजवळ फ्लेस्किएर गावात 'डेबोरा' नावाची एक मादी आहे. नोव्हेंबर 1917च्या लढाईत तिच्यावर तोफगोळे बसले, आतले काही जवान मेले, आणि नंतर ती जमिनीत पुरली गेली. 1998मध्ये तिला उकरून काढलं. आज ती संग्रहालयात आहे ती तशीच: पुढचा भाग फाटलेला, पत्रा गंजलेला, गोळ्यांनी पाडलेली भोकं उघडी. तिच्यावर मेलेल्या जवानांची थडगी त्याच गावातल्या दफनभूमीत आहेत. तिला रंग फासून इंजिन सुरू करायचं कोणी मनातही आणत नाही. तिचं झालं ते 'जतन'.

याच्या उलट टोकाला बोव्हिंग्टनचा टायगर 131 हा जर्मन रणगाडा. एप्रिल 1943मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला. नेमका कुठे आणि कोणाच्या, यावरही अजून शाई वाळलेली नाही. 1990मध्ये तो खोलायला घेतला आणि 2003च्या अखेरीस तो स्वतःच्या पायावर, म्हणजे पट्ट्यावर, चालला. टायगर 1 जातीचा चालता असा हा जगातला एकुलता एक. पण त्याचं मूळ 21 लिटरचं मायबाख इंजिन आतली रचना दाखवण्यासाठी कधीच कापून ठेवलं होतं. म्हणून संग्रहालयातल्या किंग टायगरचं, म्हणजे टायगरच्या नंतरच्या मोठ्या भावाचं, 23 लिटरचं इंजिन काढून याच्यात बसवलं. झालं! एक पक्ष म्हणतो, इंजिन त्याच कंपनीचं, त्याच घराण्यातलं, नंतरच्या टायगरांत हेच बसवत होते. दुसरा म्हणतो, मग हा 1943मध्ये पकडलेला टायगर उरला का? तिसरा, माझ्या मते सगळ्यांत विचार करायला लावणारा पक्ष म्हणतो, एक चालता करायला दुसरा पांगळा केलात त्याचं काय? या कामाला मराठीत चोख शब्द आहे, 'पुनर्बांधणी'. गॅरेजच्या भाषेत तर पूर्वापार 'इंजिन खोललं' आणि 'इंजिन बांधलं' असंच म्हणतात. खोलणं-बांधणं ही जोडी बिनधास्त वापरा, 'पुनर्संचयित' तिच्यापुढे पाणी भरेल.

तिसरा प्रकार आणखी नाजूक. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने जर्मन हाफट्रॅकच्या धर्तीवर 'ओटी-810' नावाची गाडी काढली. इंजिन तिथल्याच टाट्रा कंपनीचं डिझेल, वर छप्पर. तिथल्या सैनिकांनी वैतागून तिला 'हिटलरचा सूड' असं नाव ठेवलं होतं. आज हौशी लोक तिचं छप्पर कापतात, पुढचा भाग बदलतात, जर्मन करडा-पिवळा रंग देतात आणि महायुद्धातली गाडी म्हणून मेळाव्यात उतरवतात. हिला 'रूपांतर' म्हणा, फार तर 'सोंग'. 'प्रतिकृती' नको, प्रतिकृती म्हणजे मुळापासून नवी बनवलेली, आणि ही निदान लोखंडाने तरी जुनी आहे. लेखात 'रिस्टोअर्ड हाफट्रॅक' असा उल्लेख असेल तर भाषांतर करण्याआधी ती यातली कुठली आहे ते मजकुरातून हुडका.

मग 'जीर्णोद्धार' कुठे बसतो? शब्दाचा अर्थ चांगलाच आहे, जीर्ण झालेल्याचा उद्धार. अहिल्यादेवींनी देशभर जे केलं त्याला हाच शब्द शोभतो. पण आपल्या गावोगावच्या वापराने त्याची पार वाट लावली आहे. 'मंदिराचा जीर्णोद्धार' असा फलक लागला की जुना दगडी सभामंडप जाऊन स्लॅब, ग्रॅनाइट आणि स्टीलचं रेलिंग येणार हे आपण गृहीत धरतो. ज्या छंदात मूळ बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का शोधण्यात महिना घालवतात, तिथे हा शब्द नेमका उलटा अर्थ घेऊन येईल. शिवाय त्याला श्रद्धेचा रंग आहे. तो एकाच ठिकाणी मला चालेल: गाडीमागे माणसाची आठवण असेल तिथे. 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन रणगाडा घ्या. 16 डिसेंबर 1971ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यावर लढता लढता गेले. जन्म पुण्याचा, वय 21, मरणोत्तर परमवीर चक्र. युद्धानंतर हा रणगाडा दुरुस्त केला गेला आणि तो अहमदनगरला (आता अहिल्यानगर) चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवला आहे. त्याचा कोणी 'जीर्णोद्धार केला' म्हटलं तर मी अडवणार नाही.

अहमदनगरचा विषय निघालाच आहे तर तिथलं रणगाडा संग्रहालय हा लेख संपवण्याआधी बघून या. रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून मटिल्डा, चर्चिल आणि 1965मध्ये पकडलेल्या पॅटनपर्यंत सगळं एका आवारात उभं आहे. कागदावर अडलेली चिलखती गाडी आणि रणगाडा ही भानगड तिथे पाच मिनिटांत सुटते.

तर यंत्राच्या त्या वाक्याच्या जागी मी हे लिहीन: 'हौशी मंडळींनी बांधून चालते केलेले महायुद्धातले रणगाडे आणि चिलखती गाड्या.' 'चालते केलेले' मुद्दाम घातलं आहे. तुमच्या लेखातल्या गाड्या नुसत्या रंगवून उभ्या केलेल्या असतील तर ते शब्द गाळा.