ड्यूड, लेका आणि ओऽलुम

प्रश्न असा आलाय: "सध्या टर्किश सिरियल्सचं वेड लागलंय, सबटायटल्स इंग्रजी. खाली सारखं 'ड्यूड' येतं, पण कानावर दर वेळी वेगळंच काहीतरी पडतं, कधी आबी, कधी लान, कधी ओलुम, कधी कांका. हे सगळे ड्यूडच का? आणि मुळात ड्यूडचा नक्की अर्थ काय, मराठीत काय म्हणायचं त्याला?"

तुझे कान एकदम बरोबर आहेत, आळस सबटायटलवाल्याने केलाय. खरं तर त्याला तरी काय बोलणार, त्याच्याकडे इंग्रजीत दुसरा शब्दच नाही. आता मी जरा लांबड लावणार आहे कारण हा माझा लाडका विषय आहे, आणि आधीच सांगते की माझं टर्किश क्लासमधलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे, श्टुटगार्टला तीन वर्षं एका इझ्मिरच्या मुलीबरोबर एका घरात राहिले आणि भांडी कोणी घासायची यावरून जे काही शिकले ते शिकले.

आधी ड्यूडबद्दल. हा शब्द आज कसाही, कुठेही चालतो पण जन्माला आला तो शिवी म्हणून. १८८३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या पेपरात एक टिंगलीची कविता आली आणि तिथून तो एकदम गावभर झाला. ड्यूड म्हणजे तेव्हा नटवा, इंग्लंडच्या साहेबाची नक्कल करणारा, घट्ट पँट, हातात काठी, बोलणं उसनं, असा पैसेवाल्यांचा पोरगा. यँकी डूडल नावाच्या जुन्या गाण्यात टोपीत पीस खोवून मिरवणारा जो डूडल आहे त्याचंच हे शेपूट तोडलेलं रूप, हे मत मला सगळ्यात पटतं. मग हे शहरी लोक पश्चिमेकडे गुरांच्या रँचवर पैसे देऊन राहायला जायला लागले, घोड्यावर बसायचं, शेकोटी करायची, परत यायचं, तर त्या रँचना 'ड्यूड रँच' नाव पडलं. आपल्याकडे थंडीत हुरडा पार्टीला जाऊन बैलगाडीत बसून फोटो काढणारे पुणेकर म्हणजे तंतोतंत हेच ड्यूड, यात मी पण आले.

गंमत म्हणजे साधारण त्याच काळात इस्तंबूलमध्येही याच माणसाची टिंगल चालू होती. तिथे त्याला झ्युप्पे म्हणायचे, आणि पुढे विशेषण लावायचे आलाफ्रांगा, म्हणजे फ्रँक (युरोपियन) लोकांच्या तऱ्हेचा. आपला फिरंगी शब्दही त्याच फ्रँकमधून आलाय. तेव्हा १८८३ चा ड्यूड टर्किशमध्ये न्यायचा तर झ्युप्पे, मराठीत छैलछबीला, नखरेल काय हवं ते म्हण. पण आजचा ड्यूड हा नाही. मधल्या काळात, १९३०-४० च्या सुमारास, अमेरिकेतल्या काळ्या आणि मेक्सिकन वस्त्यांमधली ऐटबाज पोरं एकमेकांना ड्यूड म्हणायला लागली, मग कॅलिफोर्नियाचे सर्फिंगवाले, मग ऐंशीच्या दशकात सगळीच पोरं. शिवीची हाक झाली. तसं आपल्याकडे 'साल्या'चं झालंच की.

स्कॉट कीसलिंग म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठातले भाषेचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००४ साली फक्त या एका शब्दावर अख्खा पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं मला फार आवडतं, की ड्यूडमध्ये जवळीक आहे पण बेताची. म्हणजे आपण दोघं एकाच कट्ट्यावरचे, पण गळ्यात पडू नकोस. आणि त्यांच्या नोंदींत मुलगे मुलग्यांना सगळ्यात जास्त ड्यूड म्हणतात, पण मुली पण म्हणतातच.

आता यातली खरी मेख अशी की ड्यूड नातं सांगत नाही. समोरचा मोठा की लहान, ओळखीचा की अनोळखी, बाई की बुवा, काही पत्ता लागत नाही. सगळं काम सूर करतो. मित्राने नवीन घर दाखवलं की लांबवून "ड्यूऽऽड!", मित्र तिकिटं घरी विसरून स्टेशनवर आला की सपाट आवाजात तुटक "ड्यूड", आणि कोणाचं लग्न मोडलंय कळलं की खालच्या आवाजात नुसतंच "ड्यूड...". तीन प्रसंग, एकच शब्द. टर्किशमध्ये पहिल्याला "वाय बे!" होईल, दुसऱ्याला "याप्मा या!" म्हणजे शब्दशः "करू नकोस रे!", आणि तिसऱ्याला "आबी या...". बघ, शब्दच वेगवेगळे. मराठीत पण आपण पहिल्याला "आयला!" म्हणू, दुसऱ्याला "काय राव!", तिसऱ्याला "अरे बाबा...". म्हणून मी म्हणते की टर्किश समजायचं असेल तर इंग्रजीवरून जाऊच नकोस, मराठीवरून जा, रस्ता जवळचा पडतो.

ओऽलुम घे. लिहिताना मध्ये एक ग असतो पण तो मुका, नुसता आधीचा ओ लांबतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पोरं सरळ ओ-ल-म अशी तीन अक्षरं टाकून मोकळी होतात. मूळ शब्द ओऽउल म्हणजे मुलगा, आणि शेवटचा उम म्हणजे माझा. माझा मुलगा, माझ्या लेका. म्हणजे आपला 'लेका'च की! आणि वापर पण हुबेहूब तोच. बाप मुलाला प्रेमाने म्हणतो, मित्र मित्राला म्हणतो, आणि अनोळखी माणसाला म्हटलं की तो बाह्या सरसावतो. "अरे लेका ऐक तरी" आणि "कोणाला सांगतोस लेका" या दोन्हीतला फरक ज्याला कळतो त्याला ओऽलुम शिकवावाच लागत नाही.

पण माझी पहिल्यांदा विकेट पडली ती वेगळ्याच कारणाने. एका रविवारी सकाळी माझ्या रूममेटने फ्रीज उघडला, तिचं चीज मी पराठ्यात घालून संपवलेलं, आणि ती वळून मला म्हणाली, "ओऽलुम, ने याप्तन सेन?" (हे काय केलंस तू?) मी वाक्य बरोबर ओळखलं आणि ओऽलुमला अडकले. मी मुलगी, ती मुलगी, लेका कुठून आला? तर तिथे आजकाल मुली पण एकमेकींना ओऽलुम, आबी बिनदिक्कत म्हणतात, त्यात कोणी मुलगा शोधत नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मुली एकमेकींना 'अगं' सोडून 'अरे' म्हणतात आणि आजीच्या कपाळाला आठी पडते, तोच प्रकार. जुन्या धर्तीची हाक हवी असेल तर त्यांच्याकडे कझ आहे, म्हणजे 'पोरी', आपल्या 'गं'च्या जागी बसेल असा.

जाता जाता, तो 'माझा' वाला उम आपल्या ओळखीचाच आहे, फक्त आपल्याला माहीत नसतं. बेग म्हणजे सरदार, त्याला तोच प्रत्यय लागला की बेगम. खानचं खानम. दोन्ही तुर्की भाषांमधून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. पण हिंदी गाण्यांतला 'जानम' यात धरू नकोस, तिथला अम फारसीचा स्वतःचा आहे, टर्किश लोक पण जिवलगाला जानम म्हणतात पण त्यांचा प्रत्यय त्यांचा. दोघांचा अर्थ 'माझा' आणि ऐकायला जवळपास सारखे, असले योगायोग भाषेत कायम चकवतात. तसाच दुसरा चकवा म्हणजे यार. आपला यार म्हणजे दोस्त, ड्यूडला सगळ्यात आधी हाच सुचतो, पण टर्किशमध्ये यार म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी, लोकगीतातली. तिथे एखाद्या पोराला "अरे यार" म्हणशील तर बिचारा लाजेल.

आता आबी. हा घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे, मूळचा आगाबेय, आगा अधिक बेय, थोरला भाऊ. आगा म्हणजे आपल्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमधला आगा आणि बेय म्हणजे तोच वरचा बेग. मराठीत डोळे मिटून 'दादा' म्हण. रिक्षावाला दादा, मोठा भाऊ दादा, गल्लीतला दादा पण दादा, तिन्ही आबीत बसतात. आणि नुसताच वाक्याच्या तोंडी लावायचा असेल तरी चालतो, "आबी, काल काय झालं माहितीय का", तिथे कोणी कोणाचा भाऊ नसतो. ड्यूडच्या सगळ्यात जवळचा कोण विचारशील तर माझं मत आबीला.

लान मात्र जपून. ओऽलान म्हणजे पोरगा, त्याचं झालं उलान, त्याचं झालं लान. घट्ट मित्रांत चालतो, बाहेर गेला की भांडण. "ने दियोर्सुन लान?" याचं भाषांतर पुण्यात बसून करता येत नाही, नागपूरला जावं लागतं: "काय बोलून राहिला बे?" आणि मजा म्हणजे टर्किशमध्ये खराखुरा 'बे' पण आहे. "हादी बे!" म्हणजे "चल बे, काहीही!" विदर्भातल्या माणसाला इस्तंबूलमध्ये घरच्यासारखं वाटेल, पण दोघांचं नातं जोडायच्या भानगडीत मी पडत नाही. श्टुटगार्टच्या ट्राममध्ये तर लान जर्मन पोरांच्या तोंडी पण ऐकलाय, टर्किशचा गंध नसलेल्या. आबीचं तिथे जमणं जरा कठीण कारण जर्मनीत आबी म्हणजे बारावीची परीक्षा!

कांका म्हणजे कान कार्देशी, रक्ताचा भाऊ, बोट कापून रक्त मिसळून झालेला, त्याचं लाडाचं छोटं रूप. आता रक्ताचा काही संबंध उरला नाहीये, कोणीही कोणाचा कांका, मुलगी पण. आपला 'भावा' किंवा 'भिडू'. त्यातलं नुसतं कार्देशिम, म्हणजे माझ्या भावंडा, हे मात्र दुधारी आहे. अमेरिकन माणूस भांडणात ड्यूड घालतो तो सहसा तापलेलं जरा निववायला, टर्किश माणूस रस्त्यावर "ने यापियोर्सुन कार्देशिम!" (काय करतोयस भाऊ!) म्हणाला की समजायचं पारा चढलाय. "ओ भाऊ, गाडी बघून घाला" यातल्या भाऊमध्ये जेवढी माया असते तेवढीच.

बाकीचे पटकन सांगते. मोरुक म्हणजे म्हातारबा, दाढीसाठीच्या आर्मेनियन शब्दावरून आलेला, विशीतली पोरं एकमेकांना म्हणतात. हाजी, ज्याने हजचं तोंड पाहिलेलं नाही त्यालाही, "हाजी, नाबेर?" नाबेर म्हणजे ने हाबेर, म्हणजे काय खबर, खबर तीच आपली. होजाम म्हणजे माझे गुरुजी, यातला होजा म्हणजे ख्वाजा, मुंबईच्या खोजा समाजाचं नावही त्याच ख्वाजावरून, आणि अंकाऱ्याच्या मध्यपूर्व तंत्रविद्यापीठात तर विद्यार्थी प्रोफेसरपासून कँटीनवाल्यापर्यंत आणि एकमेकांनाही सरसकट होजाम म्हणतात, आपल्याकडे सगळ्यांना 'सर' म्हणतात तसं. आस्लानम म्हणजे माझ्या सिंहा, इथे कोल्हापूरकर "काय वाघा" म्हणेल. आणि दोस्तुम, आहबाप हे दोन शब्द अर्थाने बरोबर असूनही बोलताना जरा कृत्रिम वाटतात, कारण अमेरिकन सिनेमांच्या डबिंगमध्ये ड्यूडच्या जागी वर्षानुवर्षं हेच घातले गेले, ओठ जुळवायला सोयीचे म्हणून असेल. माझी रूममेट "हेय दोस्तुम" म्हणायची ते फक्त नक्कल करायला.

आणि हाक नसून नुसता उल्लेख असेल तर, म्हणजे "कोणीतरी ड्यूड आला होता", तिथे यातलं काहीच चालणार नाही. तिथे "आदामन बिरी" म्हणजे कोणी एक माणूस, आपला आदमीच, किंवा नाक मुरडायचं असेल तर "हेरिफिन बिरी", कोणीतरी बाप्या. हा हेरिफ म्हणजे उर्दूतला हरीफ, उर्दूत त्याचा अर्थ प्रतिस्पर्धी, टर्किशमध्ये 'तो येडा'.

सिरियल बघताना अजून एक लक्षात ठेव. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी, टर्किशमध्ये आपल्यासारखे चौघं वेगळे: आमजा काका, दायी मामा, हाला आत्या, तेयझे मावशी. मित्राची बायको येंगे, म्हणजे चक्क वहिनी, आणि मित्राच्या नुसत्या गर्लफ्रेंडला येंगे म्हणून चिडवतात ते पण आपल्यासारखंच. दायीला पुढे काबा म्हणजे रांगडा हा शब्द लागला की काबादायी, गल्लीतला गुंड. आपण त्यासाठी भाऊ निवडला, दादागिरी म्हटलं, त्यांनी मामा निवडला.

तुला स्वतःला बोलायचं झालं तर आबी आणि बायकांसाठी आब्ला, म्हणजे ताई, एवढ्यावर निभावेल, लान तोंडातून काढूच नकोस. मला आमच्या कोपऱ्यावरच्या टर्किश भाजीवाल्याचा पोरगा तीन वर्षं आब्ला म्हणायचा, जास्तीची कोथिंबीर पण टाकायचा. मागच्या महिन्यात सुट्टे पैसे हातावर ठेवत म्हणाला, "बुयुर तेयझे" (घ्या मावशी). मी आता दोन स्टॉप पुढे जाऊन भाजी आणते.