गाव विचारलं तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोन केला असता, पण फोनवर मीच बोलत राहतो आणि तू नुसतं ‘हं, हं’ करतेस. म्हणून लिहायला बसलो.

ऑफिसात कोणीतरी ‘गाव कुठलं?’ विचारलं आणि लातूर सांगायचं सोडून तुझ्या तोंडून ‘सोलापूर साइड’ निघून गेलं. मग रात्रभर स्वतःचाच राग आला म्हणतेस. येऊ दे, पण फार वेळ नको. पुण्यात आलो त्या वर्षी मीही हेच केलंय. मेसमध्ये एकाला ‘काय करायलास?’ म्हणालो तर अख्खं टेबल हसलं. पुढचे सहा महिने मी ‘काय करतोयस’ घोकत होतो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजी म्हणाली, “असं नाकातनं काय बोलायलास रे? पडसं झालंय का?”

आता तू म्हणशील, काका अभिमानावर भाषण देणार. नाही देत. मराठवाड्याच्या अभिमानाची तयार यादी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर असतेच. मुकुंदराज अंबाजोगाईचे, एकनाथ पैठणचे, गोरोबाकाका तेरचे, जनाबाई गंगाखेडची. तेरचा व्यापार पार रोमपर्यंत चालायचा. देशाला १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ ला. सगळं खरं आहे आणि तुला ते ठाऊक असायलाच हवं. पण कोणी नुसतं गाव विचारलं की ही यादी धडाधड म्हणून दाखवणारा माणूस मला थोडा भ्यालेलाच वाटतो.

तू सरळ गावाचं नाव सांग. तालुका निलंगा, जिल्हा लातूर. आणि पुढे काही सांगावंसं वाटलं तर येळवस सांग.

म्हणजे कॅलेंडरातली ‘वेळ अमावस्या’ नव्हे, तू पाहिलेली येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी कमरेच्या वर आलेली, तुरीला शेंगा धरलेल्या. आदल्या रात्री तुझी आई झोपत नाही. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाल, वाटाणा, गाजर, वांगं, जे जे रानात आहे ते सगळं बेसनात शिजून भज्जी होते. (पुण्यात ‘भज्जी’ म्हटलं की लोक कांदाभजी समजतात. तिथे जरा सबुरीनं घे.) ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेल्या आंबिलीचं बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर, मागे बाजरीचे उंडे आणि गव्हाच्या खिरीची टोपली. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव. पूजा झाली की पिकाभोवती आंबील शिंपडत फिरायचं. मग झाडाखाली पंगत, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून बसवायचं. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीत हाच सण ‘एळ्ळ अमावस्या’ म्हणून होतो. आपली बोली, आपले सण, सगळं असं शेजारपाजारातून आलेलं आहे. दस्ती, मोंढा हे शब्द तू पुण्यात बोललीस तर कोणी अर्थ विचारेल. विचारू दे की. रुमालाला दस्ती आणि धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात हे सांगायला कितीसा वेळ लागतो!

आता अवघड भाग. ‘तुमच्याकडे रेल्वेनं पाणी आणलं ना?’ हा प्रश्न तुला येणारच. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. हो, आणलं. एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून. पुढे पन्नास वाघिणींची गाडी लागली तेव्हा एका खेपेला पंचवीस लाख लिटर यायचं. पण वर्षाला सरासरी साताठशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो, साताऱ्याकडच्या दुष्काळी माण-खटावपेक्षा कितीतरी जास्त. तो थोडक्या दिवसांत कोसळतो, काळ्या मातीखालचा खडक फारसा धरून ठेवत नाही, आणि दोन-तीन वर्षं ओढ दिली की मांजरा धरण कोरडं पडतं. अशा ठिकाणी आम्ही ऊस लावला. आम्ही म्हणजे माझा सख्खा भाऊसुद्धा. मी त्याच्याशी भांडलो, तर म्हणाला, “उसाचा भाव आधी ठरलेला असतो. तूर मोंढ्यात नेली की सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. सांग, काय लावू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. कोणी विचारलं तर हे सगळं सांग, भावासकट. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावरच थांबू नकोस, आणि ‘आमची माणसंच तशी’ असं म्हणून दुसऱ्याला हसवूही नकोस. हे दुसरं मी केलंय. चहाच्या टेबलावर टाळ्या मिळतात, घरी जाताना बसमध्ये तोंड कडू होतं.

किल्लारीच्या भूकंपाचं मात्र कँटीनमध्ये काढू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ ला तू जन्मलीही नव्हतीस, पण तुझ्या घरातलं कोण कोण गेलं ते तुला माहीत आहे. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, दर पावसाळ्याआधी मातीचा थर चढायचा, आजोबा-पणजोबांपासूनचा. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. ज्याला तू पुढे कधी घरी घेऊन येशील, त्याला सांग. बाकीच्यांना ‘लातूर’ एवढं पुरे.

आणखी एक. गावाचं कौतुक पुण्यात बसून करणारे आणि बांधावर वर्षानुवर्षं पाय न ठेवणारे बरेच आहेत. त्यांत मीही काही वर्षं होतो. येळवसला रजा टाक. एक दिवसाची मिळाली तरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जा, दुसऱ्या रात्री परत ये.

नाहीच मिळाली रजा, तर आईला डबा पाठवायला सांग. ट्रॅव्हल्सवाले आणतात, सकाळी उतरवून घ्यायचा. भज्जी जास्त पाठव म्हणावं आणि टीममधल्या त्या विचारणाऱ्यालाच पहिलं ताट वाढ. आंबील मागवलीस तर बाटली काठोकाठ भरू नको आणि झाकण सैल ठेव म्हणून बजाव. मी एकदा घट्ट लावायला सांगितलं होतं. रात्रभर आंबून स्वारगेटपर्यंत येता येता झाकण उडालं, आणि डिकीतल्या सगळ्या बॅगांना लसणाचा वास. क्लीनर लातूरचाच होता म्हणून वाचलो.

तुझा,
काका