ऑइल पेंटिंग शिकायला ‘लास मेनिनास’सारखं अकरा माणसांचं चित्र कॉपी करायला घेतलं तर चालेल का, की आधी पोर्ट्रेट शिकू?

घ्या की, मी तेच केलंय, कुडाळजवळ आमच्या घरी, क्लासबिस काही न लावता. फक्त चेहऱ्यांपासून सुरुवात करू नका.

मी केलेली. पहिल्याच दिवशी चित्राच्या मधल्या छोट्या राजकन्येचा चेहरा घेऊन बसलो, बारीक ब्रशने डोळे, ओठ, केस, आणि बाकी कॅनव्हास पांढराफटक. आता पांढऱ्यावर कुठलाही रंग काळपटच दिसतो, म्हणून मी तिला उजळ करत गेलो, करत गेलो, आणि मागची खोली भरल्यावर बघतो तर पोर ट्यूबलाइटसारखी पेटलेली! खरवडून काढली सगळी.

मूळ चित्र नीट बघा. वेलास्केझ या स्पॅनिश चित्रकाराचं, १६५६ चं, माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे, साधारण ३१८ बाय २७६ सेंटिमीटर. माणसं सगळी खालच्या अर्ध्यात, त्यातले राजा-राणी तर नुसते आरशात. वरच्या अर्ध्यात काळोखी भिंत, अंधुक फ्रेमा आणि छत, बस. शिकायचंय ते तिथे, कारण तो काळोख जमला की खालची माणसं निम्मी आपोआप उभी राहतात.

मला ते कळलं आमच्या माजघरात. जुनं घर, एकच काचेचं कौल, आणि मागचं दार उघडं टाकलं की दारात उभा माणूस आधी नुसता काळा दिसतो, त्याचं तोंड नंतर. चित्रात मागच्या जिन्यावरचा तो माणूस सेम तसाच आहे. मग मी आठवडाभर दुपारी माजघरात बसून नुसता काळोख रंगवत होतो, आणि आजी म्हणायची, ‘अरे, एवढो काळोख कित्याक रंगवतंस?’ पण काळ्यात काळे किती असतात ते तिथेच दिसलं, ट्यूबमधला नुसता आयव्हरी ब्लॅक, म्हणजे तयार काळा रंग, फासला तर भोक पडल्यासारखं दिसतं.

तर साइज पाव करा, साधारण ८० बाय ६९ सेंटिमीटर, चौकोन आखून ड्रॉइंग उतरवा, मग बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून अख्खा कॅनव्हास झाका आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. डोळे मिचमिचे करून बघितलं आणि एवढ्यावर खोली दिसली तरच पुढे जा. अंबर लवकर वाळतं हा अजून एक फायदा. वरच्या थरांत जवसाचं तेल हळूहळू वाढवायचं, उलटं केलंत तर पुढे तडे जातात. राजकन्येच्या झग्याची लेस कोरत बसू नका, वेलास्केझने स्वतःच फटकारे मारलेत, जवळून नुसते डाग आणि चार पावलं मागे गेलं की रेशीम.

प्रिंटवर फार विसंबू नका, माझी तर डांबरासारखी काळी आली, प्रादोच्या साइटवर मोठा फोटो आहे तो झूम करून बघा.

आणि आपल्याकडे असाल तर जून ते सप्टेंबर फक्त ड्रॉइंग करा. पावसात टायटॅनियम व्हाइट वाळता वाळत नाही, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, आणि पहिल्या पावसाला दिव्यावर जे पंखवाले किडे येतात ते थेट ओल्या रंगात, माझ्या राजकन्येच्या झग्याला त्या रात्री खरीच लेस लागलेली. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळत घाला.

चित्रात वेलास्केझ स्वतःही उभा आहे, त्याच्या छातीवरचा लाल क्रॉस (सँटियागो या सरदारी पंथाचं चिन्ह) सगळ्यात शेवटी, खालचं पूर्ण वाळल्यावर. त्याला तो मान मिळाला १६५९ मध्ये, म्हणजे मूळ चित्रातही तो नंतरच चढलाय. माझ्या कॉपीत अजून नाहीये, यंदा पाऊस लांबलाय.