आषाढातल्या तक्रारी : बुरशी आलेली चटणी, फाटलेला चहा आणि फुटलेला रस्सा

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात 'कसे करावे' असे विचारणारे वाचक आता 'का बिघडले' असे विचारू लागतात. या महिन्यातली बहुतेक पत्रे याच जातीची असल्यामुळे त्यांतली पाच एकत्र घेतली आहेत.

एप्रिलमध्ये तीन किलो मिरचीची कांदा-लसूण चटणी केली. आषाढ लागताच बरणीत वरच्या थराला पांढरी बुरशी दिसली आणि खालची चटणीही काळपट वाटू लागली. वरचा थर काढून उरलेली वापरली तर चालेल का? वर्षाची चटणी टाकून द्यायला जीव होत नाही.
– एक वाचक, राजारामपुरी

जीव होत नाही हे समजते, तरी उत्तर 'नाही' असेच आहे. बुरशी डोळ्यांना वरच्या थरावर दिसत असली तरी चटणीसारख्या ओलसर, सैल पदार्थात तिचे तंतू बरेच खोलवर गेलेले असतात. मिरचीवर वाढणाऱ्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते रोजच्या फोडणीने किंवा उकळण्याने नष्ट होत नाही. तेव्हा ही बरणी रिकामी करावी, गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी आणि उन्हाची वाट पाहावी लागली तर तोवर ती वापरू नये.

आता कारणाकडे वळू. आपण मिरची नीट वाळवली होती, मसाले भाजले होते, मीठही पुरेसे घातले होते असे पत्रात लिहिले आहे. कांद्याबद्दल मात्र 'उभा चिरून तेलात परतून घेतला' एवढेच वाक्य आहे, आणि माझ्या मते दोष तिथेच आहे. कांद्यात साधारण ८५ ते ९० टक्के पाणी असते. नुसत्या परतण्याने तो तांबूस होतो, वासही खमंग येतो, पण पाकळीच्या पोटातले पाणी तसेच राहते आणि ते दोन-तीन महिन्यांत सगळ्या चटणीला पोहोचते. म्हणून वर्षाच्या चटणीचा कांदा आधी उभा पातळ चिरून दोन दिवस उन्हात वाळवतात आणि मगच मंद आचेवर तळतात. तळलेला कांदा निवल्यावर त्याची चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून पाहावी. तो आवाज करून मोडला तर झाला. वाकला, चिकटला किंवा तळहाताला तेलाबरोबर ओल लागली, तर पुन्हा कढईत. माझ्या सासूबाई ही परीक्षा डोळे मिटून करीत, कारण रंग फसवतो असे त्यांचे म्हणणे होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी रंगावर विसंबले आणि आपल्यासारखीच एक बरणी गमावली.

आले आणि कोथिंबीर घालत असाल तर त्यांनाही हाच नियम लागू आहे. लसणाचे तेवढे वेगळे आहे. त्याचा झणझणीत वास पाकळी ठेचल्यावरच तयार होतो आणि जास्त उष्णतेने तो तयार करणारा घटकच निकामी होतो. म्हणून जुन्या बायका लसूण न तळता मिरचीबरोबर कच्चाच कुटायला देतात. चव त्यानेच येते, पण थोडी ओलही येते, हे मान्य करून पुढची व्यवस्था करावी लागते. कांडपावरून आलेली चटणी कुटल्यामुळे गरम असते. ती तशीच बरणीत भरून झाकण लावले तर झाकणाच्या आतल्या बाजूला घाम धरतो. म्हणून परातीत पसरून ती पूर्ण निवू द्यावी, नंतर बरणीत दाबून दाबून भरावी, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. वर हिंगाचे खडे ठेवून दादरा, म्हणजे तोंडाला कापड, बांधावा.

काळपटपणाचे कारण वेगळे आहे. मिरचीचा लाल रंग उजेड आणि हवा यांनी उतरतो, त्यामुळे ओट्यावर ठेवलेली काचेची बरणी कितीही शोभिवंत दिसली तरी चटणीच्या उपयोगाची नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी किंवा जवारी चवीला आणि लवंगी तिखटपणाला, असे मिश्रण आपण केलेच असेल. पण एवढ्या निवडीने आणलेला रंग चार महिन्यांत खिडकीतल्या उन्हाला देऊन टाकण्यात काय अर्थ आहे?

पुढच्या वर्षासाठी एक सुचवते. एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुके खोबरे आणि पाव किलो धणे हे आमच्या घरचे प्रमाण आहे. मिरची, धणे, खोबरे आणि गरम मसाला यांची कोरडी चटणी वर्षाची करावी आणि कांदा-लसूण दर दोन महिन्यांनी, लागेल तेवढ्या चटणीत, घरच्या मिक्सरवर मिसळावा. हे जुन्या रीतीला धरून नाही हे मला ठाऊक आहे, परंतु दोन महिन्यांपूर्वीच्या लसणाचा वास आणि दहा महिन्यांपूर्वीच्या लसणाचा वास एकदा शेजारी शेजारी घेऊन पाहावा. संपूर्ण चटणी एकदम करायचीच असेल तर लहान डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावी आणि डबा बाहेर काढल्यावर तासभर झाकण उघडू नये. गार डबा लगेच उघडला तर पावसाळी हवेतली ओल थेट चटणीवर बसते.

साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला. उन्हाळ्यात चांगला होत होता, आता रोज फाटतो. दूध बदलून पाहिले, उपयोग झाला नाही.
– एक वाचक, कसबा बावडा

दुधाचा दोष नाही. गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळा लागेपर्यंत बहुतेक थंडावतात, म्हणजे आषाढात आपण वापरतो तो गूळ काही महिन्यांचा जुना असतो. गूळ हवेतली ओल ओढून घेतो, पाझरतो, आणि पाझरलेल्या भागात आंबण्याची क्रिया हळूहळू सुरू होते. जेवढा आंबटपणा गार दूध सहज सोसते तेवढा उकळते दूध सोसत नाही आणि पातेल्यात डोळ्यांदेखत चोथा-पाणी वेगळे होते. त्यातून चहात कच्चे आले किसून घालत असाल तर आल्यातही दूध फाडणारा एक घटक असतो. तो पाण्यात पाच मिनिटे खळखळून उकळला की निष्प्रभ होतो, पण दूध घातल्यावर आले टाकले तर फाटण्याला मदतच होते.

यासाठी क्रम बदलावा. पाणी, आले आणि चहापूड उकळून घ्यावी, गॅस बंद करून त्यात गूळ विरघळू द्यावा, दूध दुसऱ्या पातेल्यात तापवावे आणि शेवटी, आच नसताना, दोन्ही एकत्र करावे. त्यानंतर चहा पुन्हा उकळू नये. चिमूटभर सोडा घालण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने फाटणे थांबते खरे, पण चहाला साबणासारखी चव येते, आणि ती सोसण्यापेक्षा दोन पातेली घासलेली बरी.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी बाजारात रवा, म्हणजे गुळाची ढेप, निवडताना डोळे उघडे ठेवावेत. फार पिवळाधमक गूळ रसायनाने उजळलेला असू शकतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढलेला गूळ सहसा तांबूस-तपकिरी दिसतो. घरी आणल्यावर रवा फोडून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा, आणि पावसाळ्यात फ्रीजमध्ये.

मी निवृत्त आहे. पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आले आणि आता ते सोडवत नाही. त्र्यंबोली यात्रेच्या शुक्रवारी पाहुण्यांसाठी पांढरा रस्सा केला, तो ऐन वेळी फुटला; वर तेल आणि खाली कण. तांबडा मात्र उत्तम झाला होता. पुरुषाने हे उद्योग करू नयेत असे शेजारी थट्टेने म्हणाले.
– एक वाचक, शिवाजी पेठ

शेजाऱ्यांना आठवण करून द्यावी की रानातल्या जेवणाला मटणाच्या पातेल्यापाशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच उभे राहत आले आहेत. बायकांना तिथे फार तर भाकरीपुरते विचारले जाते.

तांबडा चांगला होणे आणि पांढरा फुटणे यांत विसंगती काही नाही. तांबडा रस्सा जितका उकळावा तितका खुलतो, त्यामुळे दोन्ही पातेली शेजारी असली की हात आपोआप दोन्हींखालची आच सारखीच ठेवतो. पांढऱ्यातला मुख्य भाग नारळाचे दूध आहे. त्यात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे काम नारळातली प्रथिने करतात. खळखळून उकळी आली की ती प्रथिने गोठतात, थेंब एकत्र येतात आणि तेल वर येते. आपण पाहिलेले कण ही तीच गोठलेली प्रथिने होत.

म्हणून अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, आधी पूर्ण तयार करावे. भिजवलेली खसखस, तीळ आणि काजू किंवा मगज यांचे गुळगुळीत वाटण तुपातल्या खड्या मसाल्यांवर परतून अळण्यात घालावे आणि कच्चा वास जाईपर्यंत ते हवे तेवढे उकळावे. मीठही याच वेळी चाखून पुरे करावे. मग गॅस बारीक करून पाच मिनिटे थांबावे, वाटीभर गरम अळणी नारळाच्या दुधात मिसळून ते दूध कोमट करून घ्यावे आणि तेव्हाच बारीक धारेने पातेल्यात ओतावे. ओतताना पळी एकाच दिशेने फिरत ठेवावी. यापुढे पातेल्याच्या कडेला रस्सा नुसता थरथरला पाहिजे, बुडबुडा फुटता कामा नये. झाकण ठेवू नये, कारण झाकणाखाली आच कळत नाही. पाहुण्यांना उशीर झाला तर पातेले थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावे. इतके करूनही फुटलाच तर थोडा निवू देऊन मिक्सरमधून फिरवावा. तो पहिल्यासारखा रेशमी होत नाही, पण वाटीतून पिताना कोणी नाव ठेवत नाही.

नवा एअर फ्रायर घेतला आहे. जयसिंगपूरसारखे भडंग त्यात होईल का?
– एक वाचक, उचगाव

होणार नाही. एअर फ्रायर म्हणजे पंख्याची छोटी भट्टी आहे आणि चुरमुरे पंख्याला दाद देत नाहीत. माझे पहिल्याच मिनिटाला उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटले आणि घरभर जळका वास दोन दिवस राहिला. सादळलेले चुरमुरे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवरच परतावेत. शेंगदाणे मात्र १६० अंशांवर आठ-दहा मिनिटांत, मध्ये दोनदा हलवून, अतिशय सारखे भाजले जातात. लसणाची फोडणी वेगळी करून कोमट झाल्यावर चुरमुऱ्यांवर घालावी आणि पूर्ण निवल्यावरच डबा बंद करावा.

मी बँकेत नोकरी करते. सासूबाईंच्या मते विकतची चटणी घरात आणणे म्हणजे घराची अब्रू घालवणे. माझी एक मैत्रीण उलट म्हणते की तूच घरी चटणी करून विक, आजकाल चांगली मागणी आहे. मला दोन्ही ऐकून थकायला होते.
– एक वाचक, रुईकर कॉलनी

थकवा समजण्यासारखा आहे, कारण दोघींनीही काम आपल्या एकटीच्या नावावर मांडले आहे. ज्या चटणीच्या आठवणीने सासूबाई अब्रूची गोष्ट काढतात, ती त्यांनी तरी एकटीने कधी केली होती का, हे त्यांना प्रेमाने विचारून पाहावे. मिरच्यांचे देठ काढायला गल्लीतल्या चार-पाच जणी यायच्या, कांदा चिरायला नणंदा असायच्या, पोते कांडपावर घरातला कोणी पुरुष घेऊन जायचा. आता चारही बाजूंची माणसे नाहीशी झाली आहेत आणि काम तेवढेच राहिले आहे. यजमानांना दोन रविवार देठ काढायला बसवावे, मुलांना खोबरे किसायला द्यावे, कांडप बाहेरून करून घ्यावे. मिरची आपण निवडली आणि कांद्याची परीक्षा आपण केली की ती चटणी घरचीच.

तेही जमत नसेल तर खुशाल विकत घ्यावी. माझा स्वतःचा हिशेब असा आहे की तासातासाने चव उतरणारे पदार्थ, म्हणजे ताक, ओले वाटण, कोशिंबीर, सोलकढी हे घरी करावेत, आणि ज्यांना ऊन, जागा व दहा हात लागतात ते पापड-सांडगे चांगल्या माणसाकडून घ्यावेत. चटणी या दोहोंच्या मध्ये बसते, म्हणून तिच्यावरून घरोघर वाद होतात.

विकण्याचा विचार खरोखरच असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा घरगुती उद्योगालाही लागू आहे. ओळखीच्या दहा घरांना विकायची असली तरी नोंदणी करावी लागते, आणि वेष्टनावर नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटक, वजन, तयार केल्याची व वापरण्याची शेवटची तारीख आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह छापावे लागते. दुसरी गोष्ट कायद्यात नाही. पहिल्या वर्षी काहीही विकू नये. एप्रिलमध्ये केलेल्या चटणीच्या दोन बरण्या बाजूला काढाव्यात, एक फ्रीजमध्ये आणि एक फळीवर, दोन्हींवर तारीख लिहावी आणि पुढच्या आषाढात, भर पावसाच्या दिवशी, सासूबाईंसमोर उघडाव्यात.